‘हजर!’ म्हटलं आणि वर्ग हसला

इस्तंबूलमधल्या तुर्कीच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलं तशी मी शाळेतल्या सवयीनं हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "हाझिर!" शब्द तुर्कीत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी मान वर करून विचारलं, "नेये हाझिर?" ज्यांना कळलं ते हसले, बाकीचे त्यांच्याकडे बघून हसले. मला त्याचा अर्थ मधल्या सुट्टीत कळला: "तयार? कशाला तयार?"

तुर्कीत ‘हाझिर’ म्हणजे तयार. पाकिटातलं झटपट सूप म्हणजे ‘हाझिर चोर्बा’. हजेरीला नुसतं ‘बुरादा’ म्हणायचं, म्हणजे ‘इथं’. पहिल्याच शब्दाला ठेच लागली. त्या दिवशी शहाणी झाले असते तर पुढचे दोन महिने जरा सुखाचे गेले असते.

पण मी शहाणी होणार कशी? माझ्याकडे उर्दू होती ना. नवऱ्याच्या कंपनीनं त्याला दीड वर्षासाठी इस्तंबूलला पाठवायचं ठरवलं. त्याचं काम यंत्रमागाच्या सुट्या भागांचं, त्यामुळं त्याच्या निम्म्या फेऱ्या बुर्साला. माझं काम घर लावणं आणि भाषा शिकणं. मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर पुण्यात एका निवृत्त शिक्षकांकडे चार वर्षं उर्दू शिकले, गझल मुळातून वाचता यावी एवढ्याच हौसेपायी. त्यामुळं तुर्की म्हणजे अर्धी ओळखीचीच, असं मी धरून चालले होते. किताब, कलम, दुनिया, शहर, हवा, दुकान, जवाब, खबर, हिसाब, मैदान. विमानात बसायच्या आधीच मी दोनशेच्या वर शब्दांची वही करून ठेवली होती.

त्या वहीला तुर्कीत ‘देफ्तेर’ म्हणतात. फारसीत ‘दफ्तर’ म्हणजे वही, कागदपत्रांचं बाड. मराठीत त्याचं एकीकडे कचेरीतलं दफ्तर झालं आणि दुसरीकडे पोरांच्या पाठीवरचं दप्तर. तुर्कीत वही वहीच राहिली.

आधी उच्चारांची गोष्ट सांगते, कारण तिथं माझी चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली. आमचे उस्तादजी नुक्त्याचे कडक होते. ‘ख’ आणि ‘ख़’, ‘ग’ आणि ‘ग़’, ‘क’ आणि ‘क़’ यांतला फरक जिभेवर बसेपर्यंत त्यांनी मला एकही शेर पुढं जाऊ दिला नव्हता. आणि तुर्कांनी हे सगळं केव्हाच धुऊन टाकलेलं! अरबीतले दोन ‘ह’ आणि ‘ख़’ एकाच ‘ह’मध्ये, चार निरनिराळे ‘ज़’ एकाच ‘झ’मध्ये. खबर झाली ‘हाबेर’, गझल झाली ‘गाझेल’. हे ‘गाझेल’ ऐकल्यावर उस्तादजींचा चेहरा कसा झाला असता, ते मी मनात बघून घेतलं.

शिवाय शब्दाच्या शेवटचं ‘ब’ त्यांना सोसत नाही, तिथं ‘प’ येतो. किताबचं ‘किताप’, जवाबचं ‘जेवाप’, कबाबचं ‘केबाप’. तसंच ‘द’चं ‘त’: मेहमूद तिकडं ‘माहमुत’, मुराद ‘मुरात’. मात्र पुढं प्रत्यय लागला की तो ‘ब’ परत येतो, ‘कितापı’ नव्हे तर ‘किताबı’ असं, आणि त्या शेवटच्या स्वराला आपल्याकडे अक्षरच नाही. ‘अ’ आणि ‘इ’च्या मधे कुठंतरी, घशात दाबून धरलेला. रोमन ‘आय’वरचा ठिपका काढून तुर्कांनी त्याला अक्षर दिलंय.

एक मात्र गंमत झाली. उर्दूनं दगा दिला तिथं गावाकडची मराठी मदतीला आली. अरबीतले ‘वक़्त’, ‘अक़्ल’, ‘फ़िक्र’ हे जोडाक्षरी शब्द तुर्कांनाही जड जातात. मग ते मधे एक स्वर घुसवतात: ‘वाकित’, ‘अकील’, ‘फिकीर’. आमची आजी ‘वखत’ म्हणायची, ‘अक्कल’ म्हणायची, ‘फिकीर नको करूस’ म्हणायची. उस्तादजींनी जे गावंढळ म्हणून सोडवलं होतं, ते इस्तंबूलमध्ये चक्क शुद्ध निघालं.

उच्चार जुळला म्हणून अर्थ जुळेल असं नाही, हेही ‘फिकीर’नंच शिकवलं. एकदा बाईंनी विचारलं, "बिर फिकरिन वार म?" मला वाटलं, माझा चेहरा बघून काही काळजी आहे का विचारतायत. मी घरच्या आठवणी, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वगैरे मोडक्यातोडक्या तुर्कीत सांगायला लागले. बाईंनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की फळ्यावरच्या प्रश्नाबद्दल मला काही सुचतंय का. तुर्कीत ‘फिकीर’ म्हणजे विचार, कल्पना. मुळातही तेच. त्या विचाराची काळजी आपण केली.

असे फसवे शब्द पावलोपावली. ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा. ‘हाफ्ता’ म्हणजे आठवडा, त्यात वसुली नाही आणि कर्जही नाही. ‘तामाम’ म्हणजे ठीक, झालं. नळ दुरुस्त करून माणूस "तामाम आब्ला" म्हणाला की काम खरोखर तमाम झालेलं असतं, आपल्या अर्थानं नव्हे. ‘गारिप’ या शब्दानं तर मी माझ्या अख्ख्या जिल्ह्याची बदनामी केली. गावाबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. आमच्याकडे गरीब माणसं पुष्कळ आहेत, असं सांगायला मी म्हणाले, "बिझिम ओराडा चोक गारिप इन्सान वार." वर्ग खुश झाला. ‘गारिप’ म्हणजे विचित्र, चमत्कारिक. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. परक्या माणसाकडे बघून तुर्कांना तो विचित्र वाटला, आपल्याला तो बिचारा वाटला. गरिबाला तिकडं ‘फाकिर’ म्हणतात, म्हणजे आपला फकीर.

नवऱ्याचाही एक किस्सा आहे. त्याला बुर्साहून मेल आली, वर मोठ्या अक्षरात ‘तेक्लिफ’. मला फोन करून म्हणाला, "अगं, यांना काहीतरी तकलीफ झालेली दिसते." तकलीफ नव्हती, दरपत्रक होतं. तुर्कीत ‘तेक्लिफ’ म्हणजे प्रस्ताव, देकार. आतले आकडे वाचून झाल्यावर तो म्हणाला, आपलाच अर्थ बरोबर आहे.

बाजाराचं वेगळंच. काडकोय भागात आम्ही राहत होतो. ‘काड’ म्हणजे काझी, ‘कोय’ म्हणजे गाव, थोडक्यात काझीचं गाव. तिथं मंगळवारचा मोठा बाजार भरतो. ‘पाझार’ म्हणजे बाजार आणि ‘पाझार’ म्हणजेच रविवार. सोमवारला स्वतःचं नावच नाही, तो ‘पाझारतेसी’, रविवारच्या नंतरचा. शनिवारही असाच, ‘जुमार्तेसी’, जुम्म्याच्या नंतरचा. बुधवार-गुरुवार फारसीतून आलेले, त्यात चार आणि पाच हे आकडे लपलेले.

त्या बाजारात मी खरबूज घ्यायला गेले. ‘कार्पुझ’ हा शब्द फारसी ‘खर्बुझा’पासून आलाय हे वाचलेलं होतं. दोन माणसांपुरतं एक छोटंसं द्या म्हटलं. फळवाल्यानं टाळी वाजवून, कानाशी धरून, दहा किलोचं कलिंगड माझ्या पिशवीत घातलं. खरबुजाला तिकडं ‘कावुन’ म्हणतात. सुकामेवा घ्यायला म्हणून ‘मेय्वे’ विचारलं तर त्यानं सफरचंदांकडे बोट दाखवलं, कारण ‘मेय्वे’ म्हणजे कुठलंही फळ. मग लक्षात आलं, आपल्या ‘रानमेव्या’त तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. करवंदं, जांभळं, तोरणं काही सुकी नसतात.

काही शब्द मात्र आपल्याकडूनच निघून, जग फिरून तिथं पोचलेले. साखरेचं ‘शेकेर’, पिप्पलीचं ‘बिबेर’, चतुरंगाचं ‘सात्रांच’, शृंगवेराचं ‘झेन्जेफिल’ म्हणजे आलं. वांग्याला ‘पाटलीजान’. हे नाव संस्कृतातून फारसी-अरबीच्या वाटेनं गेलं, वाटेत त्याचं नाक-डोळे सगळे बदलले. नारळाचं नाव मला सगळ्यात आवडलं: ‘हिंदिस्तान जेविझी’, हिंदुस्थानातला अक्रोड. याउलट ‘हिंदी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मला मराठी येते, हिंदी येते, असं मी एकदा सांगितलं. ‘हिंदी’ म्हणजे टर्की नावाचा तो पक्षी. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला, तुर्कांना हिंदुस्थानचा, आणि बिचारा आला अमेरिकेतून. भाषेला म्हणायचं ‘हिन्तचे’.

स्वतःला फार समजणाऱ्या माणसाला तुर्क टोमणा मारतात, ‘बुलुनमाझ हिन्त कुमाशी’. म्हणजे कुठंही न मिळणारं हिंदुस्थानी कापड! इचलकरंजीशी व्यवहार असलेल्या माझ्या नवऱ्याला हा टोमणा एवढा आवडला की त्यानं तो धंद्यात जाहिरातीसारखा वापरला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या बाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना ‘तेयझे’ म्हणायची, मीही. ‘तेयझे’ म्हणजे मावशी. इथं एक दिलासा होता. इंग्रजीत सगळ्यांना एकाच ‘अंकल-आंटी’त कोंबतात, तुर्कीत काका ‘अम्जा’, मामा ‘दायी’, मावशी ‘तेयझे’, आत्या ‘हाला’. घोळ फक्त शेवटच्याचा. उर्दूतली ‘ख़ाला’ मावशी, आणि तोच अरबी शब्द तुर्कीत जाऊन आत्या झालेला. मी तेयझेंच्या आत्याच्या आठवणी महिनाभर मावशीच्या म्हणून ऐकत होते. बाबा मात्र तिकडंही ‘बाबा’च.

तेयझेंच्या स्वयंपाकघरात मला दोन शब्द सापडले, ज्यांनी माझी शिकायची दिशाच बदलली. पहिला ‘मुत्फाक’, म्हणजे स्वयंपाकघर. हा मी कुठंतरी ऐकलाय असं वाटत राहिलं. दोन दिवसांनी भांडी घासताना एकदम आठवलं: मुदपाकखाना! राजवाड्यांच्या वर्णनात वाचलेला. दोन्हींचं मूळ अरबी ‘मत्बख’, शिजवायची जागा. गंमत म्हणजे रोजच्या उर्दूत हा शब्द मी कधी वापरला नव्हता, तिथं बावर्चीखाना. मराठीनं मात्र तो कधीचा मुरवून ठेवलेला.

दुसरा शब्द ‘चाकमाक’. तेयझे शेगडीपाशी उभ्या होत्या, हात मागं करून म्हणाल्या, "किझम, चाकमाऽ वेर." मी गोंधळले. त्यांना लायटर हवा होता. चकमक! गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर आपटून ठिणगी पाडायची ती चकमक. मूळ तुर्की क्रियापदाचा अर्थच ठोकणं, ठिणगी पाडणं. आपल्याकडे ती पेपरात पोलिसांत आणि दरोडेखोरांत झडते. तिथं अडीच-तीन लिराला... नाही, भाव लिहीत नाही, तिथं भाव आठवड्याला बदलतात... टपरीवर मिळते.

तेव्हा मला उमगलं की माझ्या वहीतले दोनशे शब्द मुळात तुर्की नव्हतेच. ते अरबी आणि फारसी. तुर्कांनी आणि आपण एकाच सावकाराकडून उसने घेतले, आणि प्रत्येकानं आपापल्या गरजेप्रमाणं खर्चले. तुर्कांच्या सेल्जुक सुलतानांच्या दरबाराची भाषा फारसी होती, तशीच बहमनींची आणि त्यांच्या मागून आलेल्या शाह्यांचीही. अस्सल तुर्की म्हणावेत असे आपल्याकडे मोजकेच: चकमक, चाकू, बेगम, बहादूर. खिमाही. ‘कियमा’ म्हणजे बारीक कापलेलं, आणि तो विकणारा ‘कासाप’, हा मात्र पुन्हा अरबी. आणि खुद्द ‘उर्दू’. ‘ओर्दू’ म्हणजे सैन्य, छावणी. काळ्या समुद्राच्या काठी ओर्दू नावाचं शहर आहे, हेझलनटसाठी प्रसिद्ध. बसस्थानकावर त्या गावाची पाटी दिसली तेव्हा मी फोटो काढून उस्तादजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता तिथं जाऊन शुद्धलेखन तपासून ये."

या यादीत ‘तोफ’ही आहे, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. ‘तोप’ म्हणजे आधी गोल वस्तू, चेंडू, मग तोफ. आमच्या गल्लीत पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळायची, चेंडू आमच्या गॅलरीत आला की खालून ओरडायची, "आब्ला, तोपू आत!" ताई, तोफ टाक! काराकोयला बोटीतून उतरून ट्राम धरली की पहिलं स्थानक ‘तोपहाने’. पंधराव्या शतकापासून उस्मानी तोफा जिथं ओतल्या जायच्या ती जागा, म्हणजे आपला तोफखाना. उलट दिशेनं गेलं की ‘ग्युलहाने’, गुलखाना. पलीकडचा राजवाडा ‘तोपकापı’, तोफदरवाजा. ‘खाना’चं तिकडं ‘हाने’ होतं. रुग्णालय ‘हास्ताने’, पोस्ट ‘पोस्ताने’. पुण्यात फरासखाना चौकीवरून रोज जाणाऱ्या माणसाला ही ट्राम परकी वाटत नाही.

शाळेत असताना आमची सहल विजापूरला गेली होती. शेरझा बुरुजावरच्या मुलूखमैदान तोफेच्या तोंडात मुलं डोकं घालून ओरडत होती आणि गाइड सांगत होता, की ही तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली, घडवणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलंय आणि नावापुढं ‘रूमी’ आहे. तेव्हा ते कानावरून गेलं. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तोपहानेच्या स्थानकावर उभी असताना ती सहल आठवली. शब्द दोन प्रकारे प्रवास करतात. काही पुस्तकांतून, दरबारांतून येतात, आणि काही असे कारागिराच्या हत्यारांच्या पेटीतून. फर्डं बोलणाऱ्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो, त्यात नगरच्या भट्टीतली त्या रूमी माणसाची धग आहे.

दुसऱ्या पातळीच्या वर्गात निबंध लिहायचा होता. मी जीव ओतला. ‘मेक्तेप’, ‘मुआल्लिम’, ‘तालेबे’, ‘इम्तिहान’, ‘मिसाल’, उर्दूतून जमवता आले तेवढे शब्द घातले. बाईंनी निबंध परत दिला, लाल शाईनं शब्दाशब्दावर रेघ. चुकीचे नव्हते हो. बाई म्हणाल्या, "माझे पणजोबा असं बोलायचे." शाळेला ‘ओकुल’, शिक्षकाला ‘ओरेत्मेन’, विद्यार्थ्याला ‘ओरेन्जी’, परीक्षेला ‘सीनाव’, उदाहरणाला ‘ओर्नेक’. हे सगळे गेल्या शंभर वर्षांत घडवलेले किंवा जुन्यातून उकरून काढलेले.

१ नोव्हेंबर १९२८ ला अरबी लिपी मोडीत काढून रोमन आणण्याचा कायदा झाला. १९३२ मध्ये भाषा संस्था निघाली आणि परके शब्द हुडकून बाहेर काढायची मोहीम सुरू झाली. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांनी १९२७ मध्ये सहा दिवसांत मिळून छत्तीस तास भाषण केलं होतं. ते आजच्या मुलांना नव्या तुर्कीत करून द्यावं लागतं. आपल्यालाही हा उद्योग नवा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी दिनांक आणि महापौर दिले. पण आपण तारीख ठेवली आणि दिनांकही ठेवला. तुर्कांनी पुष्कळ ठिकाणी एकच ठेवला. मला विचाराल तर त्यांनी झाडू जरा जास्तच जोरात फिरवला. मी हे बाईंना बोलून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, जुन्या लिपीच्या काळात दहातल्या जेमतेम एकाला वाचता येत होतं, तुझ्या त्या सुंदर शब्दांचा बाकीच्या नवांना काय उपयोग? यावर माझ्याकडे ना ‘जेवाप’ होता ना ‘यानीत’. दोन्हींचा अर्थ उत्तर. कोण कुठला वापरतो यावरून माणूस कुठल्या वळणाचा ते तिथं लोक ओळखतात म्हणे.

शब्दांनी असं पुन्हा पुन्हा तोंडघशी पाडल्यावर मी वही बंद करून ठेवली, आणि तेव्हा कुठं तुर्की यायला लागली. कारण वाक्य मराठीसारखं होतं! आमच्या वर्गात एक रशियन मुलगी होती, हुशार, पण क्रियापद शेवटी न्यायला तिला घाम फुटायचा. सीरियातल्या मुलाला निम्मे शब्द येत होते, वाक्य जुळत नव्हतं. मी फक्त मराठीत विचार करून शब्द बदलत गेले. ‘एव’ घर, ‘एवदे’ घरात, ‘एवदेकी’ घरातला, ‘एवदेकिलेर’ घरातले. ‘काल’पासून ‘कालचं’, तसं ‘द्यून’पासून ‘द्यूनक्यू’. ‘गिदिप गेल्दिम’ म्हणजे जाऊन आले. ‘गेलेन आदाम’ म्हणजे येणारा माणूस. चहा-बिहा घेणार का, याला ते ‘चाय माय’ म्हणतात. आपल्या ‘बि’च्या जागी त्यांचा ‘म’.

आणि ‘दिये’! या शब्दावर इंग्रजी पुस्तकात दीड पान समजावणी होती. मी पहिलं उदाहरण वाचलं, ‘गेच कालरम दिये कोश्तुम’, आणि मोठ्यानं हसले. उशीर होईल म्हणून धावले. ‘दिये’ हा ‘देमेक’पासून, म्हणजे म्हणण्यापासून. आपलं ‘म्हणून’ही म्हणण्यापासूनच. इकडंही ऐकीव गोष्टीला आपण ‘म्हणे’ लावतो, तिकडं क्रियापदाला ‘मिश’ लावतात. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. तेयझेंच्या सगळ्या शेजारपाजारच्या बातम्या ‘मिश’मध्ये असायच्या, त्यामुळं नंतर कुणी काही विचारलंच तर त्या मोकळ्या. बाईंनी शिकवण्याआधीच मला ते वापरता येत होतं. गल्लीतल्या गप्पांचं व्याकरण मला कुणी शिकवायला नको.

जुलैच्या सुरुवातीला नवऱ्यानं एदिर्नेला नेलं, किर्कपिनारच्या कुस्त्या बघायला. अंगभर ऑलिव्हचं तेल ओतून गवतावर खेळतात, कातडी विजारी घालून. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या मातीशिवाय कुस्ती म्हणजे आधी जरा चुकल्यासारखंच वाटतं. पण कान उघडे ठेवले. पैलवान तो ‘पेहलिवान’. मैदान ते ‘मेयदान’. जिंकणाऱ्याला सोन्याचा ‘केमेर’, म्हणजे कमरपट्टा. आपली कंबर त्याच शब्दातली. लागोपाठ तीन वर्षं जिंकला तर तो पट्टा कायमचा त्याचा. ‘तालिम’ म्हणजे कवायत, सराव. आणि ‘उस्ता’! हा मला आधीपासून माहीत होता. गवंडी, आचारी, गॅरेजवाला, कसबी माणूस दिसला की त्याला ‘उस्ता’ म्हणायचं. उर्दूत ‘उस्ताद’ ऐकला की मला तंबोरा आठवतो, पण इथला ‘उस्ता’ थेट आमच्या तालमीतला वस्ताद होता. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना मी सांगितलं, आमच्या गावातही ‘पेहलिवान’ आहेत, मेयदान आहे. त्यांनी विचारलं, बक्षीस काय देता? मी म्हणाले, चांदीची गदा. ‘गदा’ काही केल्या सांगता येईना. शेवटी हातवारे केले. त्यांना वाटलं, मुसळ.

परतायच्या आधी तेयझेंनी एक काम सांगितलं. त्यांच्या आजीची कबर उस्कुदारच्या काराजाअहमेत कब्रस्तानात होती. दगडावरचं जुन्या लिपीतलं लिखाण घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. तेयझेंची तर सगळी शाळा नव्या लिपीतली. "तुला ती अक्षरं येतात म्हणे," त्या म्हणाल्या, अर्थात ‘मिश’ लावून.

सरूची झाडं, वाकलेले दगड, दाट सावली. दगड सापडायला अर्धा तास लागला. मी ओल्या फडक्यानं शेवाळं पुसलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागले. वाचता येत होतं, कळत होतं अर्धंच. मधली क्रियापदं तुर्की, तीही जुन्या वळणाची. मी मोठ्यानं वाचायची, तेयझे डोळे मिटून ऐकायच्या आणि मग अर्थ सांगायच्या. त्यांना दिसत होतं पण वाचता येत नव्हतं, मला वाचता येत होतं पण समजत नव्हतं. दोघींची मिळून एक साक्षर बाई झाली. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं, ती परत वाचायला लावली. आजीच्या गावाचं नाव होतं. घरात सगळे वेगळंच गाव सांगत आले होते.

सगळ्यात वरची ओळ मी शेवटी वाचली, कारण ती झिजली होती. "हुवल बाकी." अशा दगडांवर नेहमी असते ती. तोच तेवढा उरणारा. आपल्याकडे वाण्याच्या वहीत असते ती बाकी.

येताना बसला गर्दी होती. तेयझे कार्ड टेकवून आत गेल्या. मी टेकवलं, यंत्र चिरकलं आणि पाटीवर अक्षरं आली: ‘येतेर्सिझ बाकिये’. अपुरी बाकी. मागचा मुलगा आपलं कार्ड टेकवून म्हणाला, "बुयुर आब्ला," आणि माझे सुटे पैसे काही घेईना. तेयझेंनी जागा धरून ठेवली होती. त्यांना प्रकार सांगितला तर त्या आपलं कार्ड नाचवत म्हणाल्या, पासष्टीनंतर बस फुकट असते, मला कसली आली बाकी!